रोग स्टेल्थमधून उघडतो आणि मरतो: आधी काय तपासायचं, मग काय

लक्षणं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये रोग (लपून मागून वार करणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) खेळताना खालचं एक जरी ओळखीचं वाटलं, तर पुढे वाचा. स्टेल्थ म्हणजे लपून फिरणं, आणि उघडणं म्हणजे त्यातून बाहेर येत पहिला वार करणं.

समोर एकटा मेज (जादूगार क्लास), रक्त अर्ध्यावर, पाणी पीत बसलेला. तुम्ही मागून जाता, उघडता, आणि दहा सेकंदांनी स्मशानात तुमचंच भूत उभं.

व्हॅनिश (लढाईतून एकदम गायब व्हायचं अस्त्र) दाबलं की काहीच होत नाही. किंवा होतं, पण सेकंदाभरात परत उघडे पडता.

ब्लाइंड केलेला, म्हणजे काही सेकंद भोवंडून टाकलेला, माणूस तुम्ही पाठ फिरवायच्या आत शुद्धीवर येतो. किक, म्हणजे समोरच्याची जादू मधेच तोडणारी लाथ, लागते ती कायम हील (रक्त भरणं) होऊन गेल्यावर. मागे उभे असूनही लाल अक्षरांत ओरडा येतो की मागे उभे राहा.

आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण: आठवड्यातून दोनदा तुम्ही व्हॉइस चॅटवर म्हणता, "हा क्लासच कमजोर आहे."

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून, म्हणजे ते सुरू झालं तेव्हापासून, रोग खेळतो. (घरी पहिल्यांदा फोनवर कुणाला तरी "मी रोगच आहे, दुसरं काही जमत नाही" असं सांगताना आईनं ऐकलं आणि दोन दिवस माझ्या कपाळाला हात लावून बघत होती. मराठीत या क्लासचं नाव उच्चारणं अवघडच आहे.) वरचा बिघाड मी आधी स्वतःचा, मग मामेभावाचा, मग गिल्डमधल्या (गेममधल्या आमच्या टोळीतल्या) सहा-सात जणांचा दुरुस्त केलाय. दरवेळी कारण वेगळं निघतं, पण तपासायचा क्रम तोच ठेवला तर वेळ वाचतो. आकडे लेव्हल ६० च्या क्लासिकचे आहेत. नव्या आवृत्तीत आकडे बदलतात, क्रम बदलत नाही.

पहिली तपासणी: पिशवी उघडा

हसू नका. व्हॅनिशला फ्लॅश पावडर लागते, दरवेळी एक. ब्लाइंडला ब्लाइंडिंग पावडर. "व्हॅनिश दाबलं आणि काहीच झालं नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी तिघांच्या पिशवीत पावडरच नव्हती. त्यातला एक दोन आठवडे कीबोर्ड बदलायच्या विचारात होता.

शस्त्रांवरचं विषही बघा. ते ३० मिनिटं टिकतं आणि त्यातल्या काहींना मोजके वारही असतात, त्यामुळे लांबलेल्या सामन्यात मधेच संपतं. क्रिपलिंग पॉयझन नसेल तर समोरचा पूर्ण वेगानं पळतो. मग तुम्ही मारामारी करत नसता, शर्यत लावत असता. मी स्वतः दर वेळी जिवंत झालो की रांगेत उभं असतानाच दोन्ही हातांना विष लावून घेतो. खर्च किरकोळ, वेळ सहा सेकंद.

दुसरी: कळा आणि माऊस

सुरुवातीच्या मांडणीत ए आणि डी या कळांनी तुमचं पात्र जागेवर वळतं, आणि ते फार सावकाश वळतं. रोगला मागे जायचं असतं, म्हणजे वळणं हाच त्याचा अर्धा धंदा. वळायचं काम माऊसच्या उजव्या बटणाकडे द्या, ए आणि डी ला बाजूला सरकायचं काम द्या. पहिले तीन दिवस पात्र दारू प्यायल्यासारखं चालेल. चौथ्या दिवशी सवय होते.

उजव्या बटणाचा एक तोटा आहे आणि ब्लाइंडची तक्रार बहुतेक तिथेच सुटते. कॅमेरा फिरवताना चुकून समोरच्यावर उजवी क्लिक पडली तर आपोआप हल्ला सुरू होतो, आणि समोरच्याला काही वेळ निकामी करणाऱ्या ब्लाइंड, सॅप, गाऊज या तिन्ही गोष्टी एका फटक्यानं मोडतात. दुसरं कारण तुमचंच रक्तस्राव करणारं अस्त्र. गॅरोट किंवा रप्चर लावून ठेवलंत आणि मग ब्लाइंड केलंत, तर पुढच्या रक्तस्रावाला तो जागा होणारच. त्याला कोणी जागं केलं म्हणून टीममधल्या शामनला शिव्या घालू नका. मी घातल्यात. नंतर माफी मागावी लागली.

आणखी एक. स्टेल्थमध्ये गेलं की पहिली पट्टी आपोआप बदलते. बऱ्याच जणांची स्टेल्थची पट्टी रिकामी किंवा अर्धवट असते, आणि ऐनवेळी ते माऊसनं चीप शॉट (समोरच्याला स्टन करणारा, म्हणजे जागीच गारठवणारा वार) शोधत बसतात. दोन्ही पट्ट्यांवर मिळतीजुळती कामं एकाच कळेवर ठेवा: स्टेल्थमध्ये जिथे चीप शॉट, तिथेच बाहेर किडनी शॉट. बोटाला एकच गोष्ट शिकवायची, "ही कळ म्हणजे थांबव त्याला".

तिसरी: लाईन, वायफाय आणि मशीन

मुंबईकर इथून सुरुवात करतो. मी मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर ठेवलंय, कारण पिंगला (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेला) दोष देणं फुकट असतं आणि त्यानं काहीच सुटत नाही.

आधी गणित. या गेमचा भारतात सर्व्हर नाही. आपल्यापैकी बरेच ऑस्ट्रेलियात खेळतात. मुंबई ते सिडनी सरळ रेषेत सुमारे १०,००० किलोमीटर, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन किमान १०० मिलिसेकंद लागणारच. तारा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे दिसतात. एवढं पिंग धरूनच खेळायचं, त्याला कोणी केबलवाला औषध देऊ शकत नाही.

पण मग किक उशिरा का लागते? प्रीस्ट या हील करणाऱ्या क्लासचा फ्लॅश हील दीड सेकंदाचा असतो. १५०० मधून पिंगचे १८० वजा करा, डोळ्यांनी बघून बोट हलायचे ३०० वजा करा. तरी एक सेकंद हातात उरतो. म्हणजे तुमची किक पिंगमुळे हुकत नाहीये. ती हुकते कारण किकला २५ एनर्जी (वारांवर खर्च होणारी ताकद) लागते आणि तुम्ही ती आधीच उधळलेली असते. हा मुद्दा चौथ्या तपासणीत येतोच.

लाईनचा खरा दोष पिंगच्या आकड्यात नसतो, त्याच्या उड्यांमध्ये असतो. १७० स्थिर असेल तर हात जुळवून घेतो. १७० वरून ६०० वर जाऊन परत आला, तर कोणताच हात जुळत नाही. दोष कुठे आहे ते असं शोधा: कमांड प्रॉम्प्ट उघडून स्वतःच्या राऊटरला सलग पिंग करत ठेवा आणि बाजूला गेम खेळा. राऊटरपर्यंतचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरात आहे. तो स्थिर आणि गेमचा आकडा मात्र उड्या मारतोय, तर दोष बहुतेक घराबाहेर.

घरातला दोष बहुतेक वायफायचा. आमच्या परळच्या इमारतीत माझ्या लॅपटॉपला एका वेळी पंचवीसेक राऊटर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पंचवीस घरं तीन चॅनेलवर, म्हणजे संध्याकाळची विरार फास्ट. पाच गिगाहर्ट्झवर जा. त्याहून बरं, लॅन केबल ओढा. भिंतीला खिळे मारण्यावरून घरात दोन दिवस अबोला होईल, पण उपाय कायमचा आहे. आणि तुम्ही खेळत असताना कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप चढवत नाहीये ना, तेही बघा. अपलोड भरलं की पिंग लगेच चढतं.

घराबाहेरचा दोष असेल तर इथे थांबा. पावसाळ्यात गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या तारा लोंबतात, जोडांत पाणी शिरतं, आणि "मीच वर जाऊन बघतो" असं वाटतं. जाऊ नका. गच्चीवरच्या पेटीत वीजजोडणी असते आणि ओल्या गच्चीवर तिला हात लावायचं कारण नाही. घरातल्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर तार काढून तिच्या टोकात डोकावूही नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही. माणूस बोलवा. बोलवताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, त्यावर तो राऊटर बंद-चालू करून निघून जातो. राऊटरपर्यंत स्थिर आणि पुढे तुटतंय, अमुक वेळेला, एवढं लिहून दाखवा. माझ्याकडचा माणूस तिसऱ्या खेपेला जिन्यातला जोड बदलून गेला, आणि तो कागद नसता तर चौथी खेपही झाली असती.

मशीनबद्दल थोडक्यात. कंट्रोल आणि आर एकत्र दाबले की सेकंदाला किती फ्रेम ते दिसतं. सुरुवातीला ६० आणि अर्ध्या तासानं २५ असतील तर लॅपटॉप तापतोय. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही तापतो. जाळीतली धूळ ब्रशनं काढा, खाली दोन वह्या ठेवून उंच करा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जर काढा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्वतः उघडू नका.

चौथी: उघडण्याआधीची एनर्जी

आता हात सुधारायचा भाग, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त रोग इथेच मरतात.

एनर्जी १०० असते. दर २ सेकंदांनी २० परत येते, त्यात घाई चालत नाही. सॅपला ६५ लागतात, चीप शॉटला ६०. समजा तुम्ही सॅप केलंत आणि इम्प्रूव्हड सॅप या टॅलेंटमुळे (लेव्हल वाढताना निवडायच्या कौशल्यामुळे) परत स्टेल्थमध्ये गेलात. हातात उरले ३५. इतक्यात उत्साह येतो. दोन टप्पे थांबून ७५ वर चीप शॉट मारता, उरतात १५. समोरचा चार सेकंद गारठलेला आहे आणि तुम्ही त्याच्या मागे हात बांधून उभे आहात, कारण मारायला एनर्जीच नाही. तो शुद्धीवर येतो तेव्हा त्याचं सगळं शिल्लक, तुमचं सगळं संपलेलं.

तेच आठ सेकंद थांबलात तर १०० पूर्ण होतात. सॅप झालेला कुठे जातोय? थांबा. चीप शॉटनंतर ४० उरतात. हेमरेज हा वार ३५ चा आहे, एक लगेच, चार सेकंदांत ४० परत आले की दुसरा. चीप शॉटचे दोन पॉइंट (किडनी शॉटसारख्या वारासाठी साठवायचे गुण) आणि हे दोन, झाले चार. मग २५ चा किडनी शॉट. ही साखळी काही फार हुशारीची नाही, पण ती फक्त १०० वरून सुरू केली तरच पुरते.

गाऊजचं असंच. मामेभाऊ गाऊजला कमी नुकसानीचं अस्त्र समजून वापरत नसे. गाऊज म्हणजे मार नव्हे, श्वास घ्यायची जागा आहे. चार सेकंद, म्हणजे ४० एनर्जी. त्या वेळात काहीही दाबायचं नाही. काहीही न दाबणं त्याला शिकवायला मला अख्खा गणपतीचा आठवडा लागला.

आणि किक. हीलरच्या अंगावर असताना २५ खाली जायचंच नाही. ती रक्कम तुमची नाही असं समजा, सोसायटीच्या देखभाल निधीसारखी बाजूला काढलेली.

पाचवी: कुठे उभे राहता

स्टेल्थमध्ये चाल मंदावते, टॅलेंट नसेल तर नेहमीच्या ७० टक्के. पळणारा माणूस सेकंदाला ७ यार्ड जातो, तुम्ही ४.९. मागे लागून तो सापडणार नाही, आणि जवळ जाण्यासाठी स्प्रिंट उडवलंत तर निसटण्यासाठी काय उरलं?

दादरला गाडी येते तेव्हा सराईत माणूस धावत नाही. दार कुठे थांबणार ते त्याला ठाऊक असतं, तो तिथे आधीच उभा असतो. रोगनं तेच करायचं. अराथी बेसिनमध्ये, म्हणजे तळ ताब्यात घ्यायच्या रणांगणात, लोहाराच्या तळावरून तबेल्याकडे जाणारे लोक ठरलेल्या वाटेनं जातात. वाटेच्या कडेला, त्यांची पाठ येईल अशा बाजूला थांबा. समोरून येणाऱ्याला तुम्ही लवकर दिसता, पाठीमागून उशिरा.

लाल अक्षरांचा ओरडा इथेच सुटतो. १५० मिलिसेकंदांत पळणारा माणूस एक यार्ड पुढे गेलेला असतो. तुमच्या पडद्यावर तुम्ही त्याच्या मागे आहात, सर्व्हरच्या मते तो वळून गेलाय. अँबुश आणि बॅकस्टॅब या वारांना मागेच असावं लागतं, चीप शॉटला नाही. म्हणून आपल्या पिंगवर हलणाऱ्या माणसावर चीप शॉट, बसलेल्यावर अँबुश. हा एक नियम सांगितल्यावर मुलुंडच्या एका पोरानं अँबुशबद्दल रडणं थांबवलं.

कुणावर उघडायचं हेही जागेतच येतं. शेजारी हंटर असेल आणि त्याचं फ्लेअर (लपलेल्यांना उघडं पाडणारं अस्त्र) शिल्लक असेल, तर तिथे स्टेल्थला अर्थ नाही. ड्रुइडनं फेअरी फायर लावलं की तुम्ही परत लपू शकत नाही. मेजवर चीप शॉट मारला की तो ब्लिंक करून स्टनमधून सुटतो, तेव्हा पहिला स्टन हा ब्लिंक काढण्यासाठीच खर्चायचा आणि खरा मार दुसऱ्या स्टनवर ठेवायचा. वॉरियरसमोर इव्हेजन (वार चुकवायचं अस्त्र) लावताना लक्षात असू द्या, तुम्ही वार चुकवलात की त्याला ओव्हरपॉवर हा वार मिळतो, आणि ओव्हरपॉवर चुकवता येत नाही.

तळ राखणारा एकटा असेल तर मारूही नका. सॅप करा, दूरच्या बाजूनं झेंड्यापाशी जा, साधारण दहा सेकंद कुणी हात न लावता मिळाले की झेंडा तुमचा, आणि तो मिनिटभर टिकला की तळही. तो सॅपमधून उठतो तेव्हा त्याला कळतच नाही काय झालं. मला विचाराल तर चांगल्या रोगच्या नावावर कमी खून आणि जास्त तळ असतात. माझ्या गिल्डमध्ये हे मत कुणालाच पटत नाही.

सहावी: व्हॅनिश का फुटतं

पिशवीत पावडर आहे, तरी सेकंदात उघडे पडता. अंगावर वॉरलॉकचं करप्शन किंवा वॉरियरचं रेंड (थोडं थोडं नुकसान करत राहणारी अस्त्रं) चालू आहे का बघा. व्हॅनिश ते काढत नाही. पुढचं नुकसान झालं की स्टेल्थ फुटतं. पाच मिनिटांचा कूलडाऊन (परत वापरता येईपर्यंतची वाट) गेला आणि मिळाला एक सेकंद.

म्हणून वॉरलॉकसमोर व्हॅनिश हा शेवटचा उपाय नसतो, लवकरचा असतो: अंगावर काही लागायच्या आधी. आणि मरायला टेकल्यावर व्हॅनिश दाबायची सवय मोडा. चाळीस टक्क्यांवर व्हॅनिश केलंत तर परत उघडता येतं. पाच टक्क्यांवर केलंत तर फक्त पाच टक्के घेऊन लपता येतं.

याला जोडूनच स्टन घटत जाणं. एकाच जातीचा स्टन त्याच माणसावर दुसऱ्यांदा अर्धा टिकतो, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा लागतच नाही. १५ ते २० सेकंद काही लावलं नाही तर हिशोब परत पहिल्यापासून. व्हॅनिश करून लगेच चीप शॉट मारणारे इथे फसतात. चार सेकंदांचा समजून दोन सेकंदांचा मिळतो. थोडं थांबून उघडा, एनर्जीही भरते. रोगच्या बहुतेक दुखण्यांवर "थांबा" हेच औषध आहे, आणि ते कुणालाच आवडत नाही, मलाही.

सातवी: स्वतःला बघणं

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी मरताय, तर रेकॉर्डिंग करा. फुकटात होतं, पण बघवत नाही म्हणून शेवटी ठेवलंय. सलग दहा मृत्यू रेकॉर्ड करा आणि प्रत्येकाचे तीन आकडे वहीत लिहा: उघडताना एनर्जी किती होती, मरताना कोणते कूलडाऊन शिल्लक होते, आणि उघडल्यापासून किती सेकंदांनी मेलात.

माझ्या पहिल्या दहापैकी सात वेळा मरताना इव्हेजन शिल्लक होतं. मी स्वतःला सांगत होतो की दाबलं होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली त्या दिवशीचा मृत्यू मी धरला नाही, बाकी सगळे माझेच.

इथे थांबा

पैसे घेऊन तुमच्या खात्यावर खेळून देणारे भेटतील. खातं दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, खातं जाऊ शकतं, आणि तुमचा हात आहे तिथेच राहतो.

दुसरं थांबणं हाताचं. रोगच्या कळा इतर क्लासपेक्षा भराभर दाबल्या जातात, इतर बहुतेकांचा सामायिक कूलडाऊन दीड सेकंदाचा आणि आपला एका सेकंदाचा. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, चहाचा कप धरताना पकड सुटत असेल, तर ती खेळायची समस्या नाही. कळा बदलून, मलम चोळून, क्रेप बँडेज बांधून महिने काढू नका. हाडांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. मी पाच महिने काढले. डॉक्टरांनी मनगट दाबलं, बोटावर टिचकी मारली आणि विचारलं, काय काम करता? मी म्हणालो, रोग खेळतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.